मडमेची शाळा, आपली सही

 

आजचा विषय आम्ही पुस्तकातून काढलेला नाही, तो आमच्या बैठकीतून उठला. झालं असं, की आमच्यातली एक बाई वर्षभरापासून रविवारी प्रार्थनेला जाते. तिचा हप्ता आजवर एकदाही चुकलेला नाही. तरी एका बैठकीत एकीनं काढलंच, "ही आता किरिस्तावाची झाली. हिला गटात ठेवायचं का?" दुसरी म्हणाली, "त्यांना बाहेरून पैसा येतो म्हणे." तिसरी म्हणाली, "संक्रांतीच्या वाणाला बोलवायचं का नाही, ते आधी सांगा." ती बाई मांडीवर पासबुक धरून गप्प बसली होती. त्या दिवशी कर्जाचा विषय राहिला, व्याजाचा राहिला, आणि चहा न घेताच बैठक उठली.

घरी गेल्यावर आम्हाला काही चैन पडेना. आम्ही दहा-बारा जणी, त्यातल्या निम्म्या सातवीच्या पुढं गेलेल्या नाहीत. ख्रिस्ती धर्म आपल्या मुलखात आला कधी, त्यानं दिलं काय आणि घेतलं काय, हे एकीलाही धड सांगता येईना. ज्याचं काही माहीत नाही त्याच्यावरून आपण भांडलो, याची लाज वाटली. मग पुस्तकं आणली. जिला वाचता येतं तिनं वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं, मधेमधे पुन्हा भांडणंही झाली. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतोय.

आधी आपल्याच तोंडातले शब्द बघा. दवाखान्यात नर्सबाईला आपण काय म्हणतो? सिस्टर. सिस्टर म्हणजे बहीण. चर्चच्या जोगिणी एकमेकींना बहीण म्हणायच्या, त्या आजाऱ्यांची सेवा करायच्या, म्हणून सेवा करणारी ती सिस्टर झाली. आता आपल्या तांड्यावरची, गुड्यावरची पोरगी नर्सिंग शिकून आली तरी ती सिस्टरच. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांचा, पाद्री त्यांचाच. आणि रविवारची सुट्टी? इंग्रज साहेबाला रविवारी चर्चला जायचं असायचं, म्हणून त्याची कचेरी बंद. मुंबईच्या गिरण्यांतल्या मजुरांना मात्र आठवड्याची सुट्टीच नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी कित्येक वर्षं भांडले. त्यांनी मालकांना सांगितलं, रविवार आमच्या खंडोबाचा वार आहे. 1890 च्या जूनमध्ये ती सुट्टी मिळाली. वार साहेबाच्या देवाचा, तो मागून घेतला खंडोबाच्या नावानं. आम्ही हे ऐकलं तेव्हा खूप हसलो, पण पुढं वाचत गेलो तसं लक्षात आलं की गोष्ट पुन्हा पुन्हा अशीच घडलेली आहे. आणणाऱ्यानं एका कामासाठी आणलं, आपल्या लोकांनी दुसऱ्याच कामाला लावलं.

सगळं गोड नव्हतं, तेही सांगितलं पाहिजे. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य आलं तेव्हा देवळं पाडली गेली, लोकांनी आपले देव उचलून राज्याच्या हद्दीबाहेर नेले. आजही गोव्यातली बरीच मोठी देवस्थानं मूळ गावी नाहीत, ती अशी हलवलेली आहेत. 1560 मध्ये तिथं धर्माची चौकशी करणारी कचेरी बसली. नव्यानं ख्रिश्चन झालेली बाई घरात जुनं व्रत करते, तुळस पूजते, एवढ्यावरूनही चौकशी व्हायची. मधला थोडा काळ सोडला तर ती कचेरी 1812 पर्यंत चालली. अडीचशे वर्षं म्हणजे दहा पिढ्या झाल्या. ज्यांना ख्रिस्ती म्हटलं की राग येतो त्यांच्या रागामागं हेही आहे, तो राग हवेतून आलेला नाही.

त्याच गोव्यात 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री उतरला. तो मराठी शिकला, आणि असा शिकला की 1616 मध्ये त्यानं येशूची गोष्ट ओव्यांमध्ये लिहून छापली. 'ख्रिस्तपुराण' तिचं नाव. आपल्या जात्यावरच्या गाण्यांना आपण ओवीच म्हणतो ना, तिचीच ही पोथीतली बहीण. नव्या ख्रिश्चनांना पोथी ऐकायची सवय होती, ती मोडता येईना, म्हणून पोथीच करावी लागली.

पुढची गोष्ट छापखान्याची. इंग्रजी राज्यात पाद्री लोक बंगालात आणि मुंबईत मराठी छापू लागले. त्यांना बायबल घरोघर पोचवायचं होतं. मुंबईत अमेरिकेच्या मिशनचा छापखाना होता. तो बघून गणपत कृष्णाजी नावाच्या माणसाला वाटलं, हे आपणही करू. त्यानं स्वतःचं यंत्र उभं केलं, शाई स्वतः बनवली, आणि पुढं छापलं काय? पंचांग. छापलेल्या पंचांगाला शिवायचं का, शाईत चरबी असेल का, यावर तेव्हा चर्चा झडल्या. आज तुमच्या-आमच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं पंचांग-कॅलेंडर, गुरुवारच्या महालक्ष्मीची पोथी, हरिपाठ, सगळं छापखान्यातून येतं. बायबलसाठी आलेल्या यंत्राची ही सगळी लेकरं म्हणायला हरकत नाही. मोल्सवर्थ नावाच्या धार्मिक वृत्तीच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पंडितांना हाताशी धरून मराठीचा शब्दकोश केला, तो 1831 मध्ये निघाला. मराठीचे अभ्यासक तो अजून उघडतात.

आता शाळेकडं येऊ, कारण आमची सही तिथूनच निघाली.

1829 मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आणि त्यांची बायको मार्गारेट मुंबईत आले. मार्गारेटबाई मराठी शिकल्या आणि मुलींच्या शाळा काढायला लागल्या. सहा वर्षांत, 1835 मध्ये, त्या इथंच वारल्या. त्यांच्या थोडं आधी, 1827 च्या शेवटी, अमेरिकेतून सिंथिया फरार नावाची बाई आली होती. लग्न न केलेली, एकटी, समुद्र ओलांडून. आधी मुंबईत, मग 1839 पासून अहमदनगरला, तिनं मुलींच्या शाळा चालवल्या. 1862 मध्ये ती नगरलाच गेली. आमच्यातली एक म्हणाली, "चौतीस वर्षं परक्या गावात, लग्न नाही, लेकरू नाही, कशासाठी?" धर्मासाठी, असंच तिचं उत्तर असतं. तिला आपल्या बाया येशूच्या व्हायला हव्या होत्या. बायबल वाचायचं तर अक्षर यायला हवं, म्हणून शाळा. हा हेतू लपवलेला नव्हता, आणि आईबापांनाही तो ठाऊक होता. म्हणून कुठं कुणी बाप्तिस्मा घेतला की दुसऱ्या दिवशी शाळा रिकामी व्हायची.

नगरची ती शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांना लहानपणी सांभाळणाऱ्या सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या घरी काम करायच्या, तिथं त्यांनी शिक्षणाचं महत्त्व पाहिलं. सावित्रीबाईंचं तर असं सांगतात, की लग्नाआधी शिरवळच्या बाजारात एका मिशनरी बाईनं त्यांना एक पुस्तक दिलं. वडिलांनी ते फेकून दिलं, त्यांनी ते उचलून आणलं आणि वाचता येत नसताना जपून सासरी नेलं. त्यांचं पुढचं शिक्षण मात्र नुसती ऐकीव गोष्ट नाही. जोतीरावांनी घरी शिकवलं, आणि शिक्षिका होण्याचं शिक्षण त्यांनी नगरला फरारबाईंकडं आणि पुण्यात मिचेलबाईंच्या वर्गात घेतलं. 1848 मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. फातिमा शेख त्यांच्या सोबतीला शिकवायला उभ्या राहिल्या. बघा, मडमेनं शिकवलेली माळ्याची सून, तिच्यासोबत मुसलमानाची लेक, आणि समोर वेगवेगळ्या जातींच्या पोरी. जोतीराव-सावित्रीबाई ख्रिश्चन झाले नाहीत. त्यांनी पुढं 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला. मिशनच्या शाळेतून त्यांनी शाळा घेतली, मिशन तिथंच ठेवलं.

त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांगाची पोर होती, चौदाएक वर्षांची. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. 1855 मध्ये तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनचं नियतकालिक, 1842 मध्ये नगरला सुरू झालेलं. ज्यांना धर्माची पुस्तकं वाचायलाच बंदी त्यांचा धर्म कुठला, असं ती पोर विचारते. आणि आमच्या बायांना बाळंतपणाला डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पावसात त्यांचं काय होत असेल, असं लिहिते. हे वाचताना आमच्यातली एक म्हातारी उठून बाहेर गेली. तिचं पहिलं बाळंतपण ऊसतोडीच्या कोपीत झालं होतं. 1855 च्या पोरीचं लिहिणं तिला पावणेदोनशे वर्षांनी लागलं. तेव्हा ते छापायला दुसरं कोण तयार झालं असतं, हा प्रश्न आम्ही एकमेकींना विचारला. धर्म वाढवायचा होता म्हणून मिशननं छापलं असेल, तरी छापलं.

पंडिता रमाबाईंबद्दल तुम्ही ऐकलं असेल, पण सगळं कुणी सांगत नाही. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं, म्हणून गावाचा रोष घेतला. दुष्काळात आईबाप गेले. रमाबाई भावाबरोबर पायी देश हिंडल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. परजातीच्या माणसाशी लग्न केलं, दोन वर्षांत नवरा गेला, मांडीवर मनोरमा नावाची लेक. 1882 मध्ये पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगापुढं उभं राहून त्यांनी सांगितलं, आमच्या बायकांना बाई डॉक्टर पाहिजेत, पुरुषाला दुखणं सांगता येत नाही म्हणून बाया मरतात. आजही आपण पीएचसीत गेलं की आधी विचारतो, "बाई डॉक्टर आहेत का?"

रमाबाई इंग्लंडला डॉक्टरी शिकायला गेल्या. कानांनी दगा दिला, नीट ऐकू येईना, डॉक्टरी राहिली. तिथं 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडं हलकल्लोळ झाला. पण त्या नव्या धर्मातही मान खाली घालून बसल्या नाहीत. तिथल्या सिस्टरांशी त्यांची भांडणं झाली. पाद्री सांगतो म्हणून मी मानणार नाही, मला पटलं पाहिजे, हा त्यांचा बाणा. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट आहे, असंही त्यांनी विचारलं. लुगडं सोडलं नाही, शाकाहार सोडला नाही.

मार्च 1889 मध्ये मुंबईला त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथं केस कापलेल्या ब्राह्मण विधवा पोरी शिकायच्या, आपलं सोवळं पाळायच्या, स्वतःचा स्वयंपाक वेगळा करायच्या. रमाबाई पहाटे प्रार्थनेला बसायच्या, दार उघडं असायचं, काही पोरी येऊन बसायला लागल्या. झालं. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. हे 1893 चं. इथं आमच्यात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, विश्वासानं दिलेल्या पोरींना तिनं प्रार्थनेला बसू द्यायला नको होतं, आईबापाशी दगा झाला. काहींचं म्हणणं, ज्या आईबापानं आठव्या वर्षी लग्न लावून बाराव्या वर्षी डोकं भादरलं त्यांना आता पोरींची काळजी आठवली होय? दोन्ही बोलण्यांत खरं आहे असं आम्हाला वाटतं, पण मन दुसऱ्या बाजूला झुकतं. याच सदनात सुरुवातीला आलेली गोदूबाई ही बालविधवा. तिच्याशी धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये पुनर्विवाह केला. कर्व्यांनी पुढं विधवांसाठी आश्रम काढला आणि 1916 मध्ये बायकांचं विद्यापीठ. म्हणजे रमाबाईंच्या सदनातली पोर कर्व्यांच्या घरात गेली, आणि हिंदू घरांना चालेल अशी शाळा उभी राहिली.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी उपाशी पोरी गोळा करून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला नेल्या. 1900 च्या दुष्काळात आणखी. मुक्ती सदनात शेकडो पोरी होत्या, सगळ्या जातींच्या. त्या शिवण-विणकाम शिकल्या, शेती करायच्या, तेलघाणा चालवायच्या आणि छापखानाही. मराठी बायबल रमाबाईंनी साध्या भाषेत नव्यानं केलं, ते या पोरींनी जुळवून छापलं. बायांनो, शंभर वर्षांपूर्वी अनाथ पोरींनी चालवलेला छापखाना! आपल्याला पिठाची गिरणी चालवायला द्यायची तर बँक दहा हेलपाटे घालायला लावते. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. त्यांची मनोरमा 1912 च्या सुमारास निजामाच्या राज्यातल्या गुलबर्ग्याला शाळा चालवायला आली होती, म्हणजे लातूरपासून फार लांब नाही.

धर्म बदलला की घराचं काय होतं, हे मात्र रमाबाईंच्या गोष्टीत दिसत नाही, त्यांचं मागं कुणी उरलंच नव्हतं. ते लक्ष्मीबाई टिळकांच्या गोष्टीत दिसतं. नवरा नारायण वामन टिळक, कवी, तापट, दानशूर, घरात दिडकी न ठेवणारा. 1895 मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. बायकोला विचारलं नाही. बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरात लहान दत्तू. नवरा जिवंत, तरी मेल्यासारखा. कुंकू लावायचं की पुसायचं, हेच कळेना. चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग नगरला त्यांच्याजवळ गेल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. सोवळं एकेक पायरी उतरत गेलं. एके दिवशी त्यांना त्यांच्या मनानंच पटलं की जात देवानं केलेली नाही, माणसानं केली. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढं त्यांनी अनाथ पोरं सांभाळली, कविता केल्या, आणि म्हातारपणी आठवणी सांगितल्या. 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी छापून आली. शाळेत न गेलेल्या बाईचं हे पुस्तक मराठीतल्या उत्तम पुस्तकांत मोजतात. आम्ही ते मोठ्यानं वाचलं. रडलो कमी, हसलोच जास्त. तुमच्या गावच्या वाचनालयात असेल तर आणाच.

टिळकांबद्दल आमच्या बैठकीत एकमत झालं, फार क्वचित होतं तसं. माणूस मोठा, पण बायकोला न विचारता एवढी गोष्ट करायला नको होती. तो ख्रिश्चन झाला म्हणून नाही. दारू पिऊन शेत विकणारा नवरा असो की संन्यास घेऊन निघून जाणारा, मागं राहिलेल्या बाईचं दुःख एकच.

एवढं सगळं नगर, पुणे, मुंबईचं झालं. आपल्याकडं काय होतं? आपल्याकडं निजामाचं राज्य. आणि आपलं इस्लापूर तर मराठवाड्यात धरलंच जात नव्हतं, ते आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं एक सर्कल होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा इस्लापूर सर्कल आणि किनवट तालुका या बाजूला आला. निजामाच्या राज्यात सरकारी शाळा थोड्या, त्यात वरचं शिक्षण उर्दूतून, मुलींचं तर विचारूच नका. सहस्रकुंडाच्या अलीकडं-पलीकडं नुसतं सागवानाचं रान होतं. आमच्या आज्यांना ना मडमेची शाळा मिळाली ना सावित्रीबाईंची. फरारबाई नगरला पोचल्या त्याला शंभर वर्षं झाली तरी आमच्या गावात अक्षर आलं नव्हतं, म्हणून आमच्या आयांनी अंगठे उठवले.

मराठवाड्यात जालन्याला मिशन आलं होतं. 1860 च्या दशकात नारायण शेषाद्री तिथं गेले. ते मूळ निजामाच्या मुलखातल्या ब्राह्मण घरचे, मुंबईच्या मिशन शाळेत शिकले, 1843 मध्ये ख्रिश्चन झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनमध्ये गेला होता. बापानं फिर्याद केली, कोर्टानं पोराला बापाच्या हवाली केलं. पण आता जातीत परत घ्यायचं का, यावरून मुंबईत मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर पोराच्या बाजूनं उभे राहिले तर त्यांनाही लोकांनी धारेवर धरलं. एक लेक गेला आणि दुसरा घरी येऊनही बाहेरच, त्या आईचा विचार आमच्या मनातून जात नाही. त्या थोरल्या भावानं जालन्याजवळ, निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून, बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथं मांग-महार कुटुंबं आली. जमीन, विहीर, शाळा. ज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते त्यांना स्वतःची विहीर मिळाली. धर्मासाठी गेले की पाण्यासाठी, असं कुणी टोचून विचारतं तेव्हा आम्ही म्हणतो, तुम्ही पाणी दिलं असतं तर कळलं असतं.

आणि आपल्याला सगळ्यांत जवळचं म्हणजे निजामाबादजवळचं डिचपल्ली. रक्तपितीच्या माणसाला तेव्हा गावाबाहेर झोपडीत टाकून द्यायचे, भाकर लांबून ठेवायचे. स्कॉटलंडच्या डॉक्टर इझाबेल कर या बाईंनी 1915 मध्ये डिचपल्लीला या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. इकडच्याच एका धनवान हिंदू माणसानं त्याला मोठी देणगी दिली. एका झाडाच्या बियांच्या तेलाची इंजेक्शनं त्या द्यायच्या. आता कुष्ठरोग गोळ्यांनी बरा होतो, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अंगावर सुन्न चट्टा दिसला तर लपवू नका, आशाताईला दाखवा.

दवाखान्यांचं आणखी एक आहे. मिरजेला, जालन्याला, कितीतरी गावांत मिशनचे दवाखाने होते, तिथं नर्स व्हायला सुरुवातीला ख्रिश्चन मुलीच पुढं आल्या. परपुरुषाचं रक्त-लघवी साफ करणं, रात्रपाळी करणं हे वरच्या जातींच्या घरांना पटत नव्हतं. त्यांना नावं ठेवली गेली. आज नर्सिंगची जागा मिळावी म्हणून आपण तहसीलला दाखल्यांच्या रांगेत उभ्या राहतो.

नवा धर्म घेतला म्हणून जात सुटली का? बहुतेक ठिकाणी नाही. लग्न जुळवताना जुनी जात विचारली जायची, अजूनही विचारतात. आणि सरकारी कागदाचा पेच वेगळाच. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिश्चन आलेले नाहीत. आदिवासींना ही अट नाही, गोंड-कोलाम-आंध बाई कुठल्याही देवाला गेली तरी तिचा दाखला तोच. पण मांग किंवा महार घरातली बाई उघडपणे ख्रिश्चन झाली तर सवलती जातात, गावातली वागणूक मात्र बदलत नाही.

ख्रिश्चन बायांना कायद्यानं सगळं बरं दिलं असंही नाही. वडलांच्या मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा त्यांना आपल्या आधी मिळाला, 1925 च्या कायद्यानं. पण घटस्फोटाचा कायदा 1869 चा. नवऱ्यानं बायकोचं एक वाकडं पाऊल दाखवलं की पुरे, बायकोनं मात्र नवऱ्याचं बाहेर लफडं आहे हे सिद्ध करायचं आणि त्यावर मारहाण किंवा टाकून देणंही सिद्ध करायचं. 2001 मध्ये तो बदलला. देव कुठलाही असो, कायदा लिहायला बायका नव्हत्या.

एक बातमी मात्र आमच्या म्हाताऱ्यांनाही आठवते. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे पाद्री. पाद्री कशाला, म्हणून विरोध झाला. पण वसईचे ख्रिश्चन चारशे वर्षांहून जास्त काळ मराठीच बोलत आलेत, शेती-वाडी करत आलेत. आपल्या मराठवाड्यातच तो मान त्यांना मिळाला, याचं आम्हाला बरं वाटलं.

हे सगळं वाचून झाल्यावर पुढच्या बैठकीत आम्ही त्या बाईलाच विचारलं, तू का जातेस? आधी ती बोलेना. मग म्हणाली, "धाकटं पोरगं तापानं फणफणलं होतं तेव्हा तिथल्या दोन बाया रात्रभर बसल्या. तिथं माझं नाव घेऊन माझ्यासाठी प्रार्थना करतात. या गावात सून झाल्यापासून माझं नाव कुणी घेतलं नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई." पैशाचं विचारलं तर हसली. म्हणाली, "पैसा आला असता तर गटाचं कर्ज कशाला काढलं असतं?" नवऱ्याला सांगितलंय का, असंही आम्ही विचारलं, टिळकांची गोष्ट डोक्यात होती ना. म्हणाली, "तो सोडायला येतो, आत येत नाही."

मग ठराव लिहिला. ज्यांचा हप्ता वेळेवर त्या गटात. बैठकीत कुणीही आपला धर्म वाढवायचा नाही, प्रार्थनेला चला म्हणायचं नाही आणि तिला टोमणाही मारायचा नाही. चार जणींनी लगेच सह्या केल्या, तिघी थोड्या थांबल्या, मग त्यांनीही केल्या. एक अजून राजी नाही. तिचं म्हणणं आहे की आज एक गेली, उद्या सगळी वस्ती जाईल. तिची भीती आम्ही हसण्यावारी नेलेली नाही, तिचं म्हणणंही वहीत लिहिलंय.

संक्रांतीला ती आली. कुंकू लावून घेतलं नाही, हळदही नाही, तिळगूळ घेतला. वाण म्हणून सगळ्यांना चहाची गाळणी दिली. राजी नसलेल्या बाईनंही गाळणी घेतली, बोलली मात्र नाही.

आमची पुढची बैठक पाच तारखेला दुपारी दोनला, अंगणवाडीच्या ओट्यावर. येताना पासबुक आणा, आणि ज्यांनी 'स्मृतिचित्रे' घरी नेलंय त्यांनी ते परत करा, आणखी तिघी वाट बघताहेत.